व्यावसायिक परीक्षा संगणकावर कशा गेल्या : सोलापूरच्या बाजूने मांडलेली पार्श्वभूमी

सनदी लेखापाल, कंपनी सचिव, बँक अधिकारी, परिचारिका, डॉक्टर अशा पेशांचे दार ज्या परीक्षांमधून उघडते, त्यांतील बऱ्याच परीक्षा गेल्या तीस वर्षांत कागदावरून संगणकावर गेल्या. काही अर्ध्या वाटेवर थांबल्या, तर एक परीक्षा संगणकावरून कागदावर आली आणि दोनच महिन्यांत पुन्हा संगणकावर गेली. या बदलाचा हिशेब मांडताना चर्चा बहुधा तंत्रज्ञानाचीच होते. सोलापूरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून पाहिले की दुसरीच बाब आधी डोळ्यांत भरते. परीक्षा संगणकावर घ्यायची ठरली की ती एका वेळी किती जणांना देता येईल, हे त्या शहरात चालू स्थितीतील संगणक किती आहेत यावर ठरते, आणि फायद्यातोट्याचा मोठा भाग या एकाच गोष्टीतून निघतो.

कागदी परीक्षेची व्यवस्था मुळात दूरच्या केंद्रावर उभी होती. सोलापुरात १९४० मध्ये दयानंद महाविद्यालय सुरू झाले तेव्हा विद्यापीठ मुंबईचे होते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ आले, १९६२ मध्ये कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आले आणि जिल्ह्याचे स्वतःचे विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झाले. सनदी लेखापालांची संस्थाही १ जुलै १९४९ रोजी स्थापन झाली, ती दिल्लीत. म्हणजे अनेक दशके प्रश्नपत्रिका बाहेरून यायच्या आणि उत्तरपत्रिका बाहेर जायच्या. मोहोरबंद पाकिटे, त्यांची कडेकोट कोठडी, वेळ झाल्यावर वर्गातील दोन परीक्षार्थींच्या सह्या घेऊन पाकीट फोडणे, पेपर संपल्यावर गठ्ठे बांधून पाठवणे, परीक्षक नेमणे, नियामकांकडून फेरतपासणी आणि मग निकाल, अशी ही साखळी होती. तिच्यातील प्रत्येक कडी माणसांच्या हातात होती. त्यामुळे गैरप्रकाराला जागा होती, तशीच तो पकडला जाण्यालाही होती, हे पुढच्या चर्चेसाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

संगणकीय परीक्षेची सुरुवात झाली ती पेशाच्या परवान्यापासून, आणि तीही जिथे परीक्षार्थी थोडे थोडे येतात अशा ठिकाणी. अमेरिकेत परिचारिकांची परवाना परीक्षा १९९४ मध्ये संगणकावर गेली. व्यवस्थापन प्रवेशाची जीमॅट १९९७ मध्ये गेली. या दोन्ही परीक्षांत उमेदवार आपल्या सोयीचा दिवस ठरवून केंद्रावर जात असे आणि त्याच्या आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न सोपा द्यायचा की अवघड, हे यंत्र ठरवीत असे. आपल्याकडे राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९८ मध्ये वित्तीय बाजारांतील कामासाठी एनसीएफएम ही प्रमाणपत्र परीक्षा संगणकावर सुरू केली. पेपर संपताच गुण मिळत. या पहिल्या पिढीच्या परीक्षा यशस्वी ठरल्या, कारण त्यांना लाखो मुलांना एकाच सकाळी बसवायचे नव्हते. हे कारण पुढे विसरले गेले, असे माझे स्पष्ट मत आहे.

भारतातील मोठी चाचणी २००९ च्या कॅटने, म्हणजे आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेश परीक्षेने घेतली. २८ नोव्हेंबरपासून दहा दिवस चालणार असलेल्या त्या परीक्षेत पहिल्याच दिवसांत अनेक केंद्रांवरील यंत्रे बंद पडली. विषाणूंमुळे असे घडल्याचे आयोजकांनी सांगितले आणि बाधित उमेदवारांसाठी नंतर पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. तरीही माघार झाली नाही. बँकांची सामाईक भरती परीक्षा २०१२-१३ च्या सुमारास ऑनलाइन झाली, कर्मचारी निवड आयोग २०१६ मध्ये, जेईई अॅडव्हान्स्ड २०१८ मध्ये, तर जेईई मेन आणि आपल्या राज्याची प्रवेश परीक्षा एमएचटी-सीईटी २०१९ मध्ये पूर्णपणे संगणकावर आल्या. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी त्याआधीपासूनच संगणकावर होती. राज्यातील टायपिंगच्या परीक्षेचा उल्लेखही इथे करायला हवा. टंकलेखन यंत्रावरील शासकीय परीक्षा २०१७ च्या ऑगस्टमध्ये शेवटची झाली आणि त्या जागी संगणक टंकलेखन आले. इथला बदल कोणालाही खटकला नाही, कारण ज्या साधनावर पुढे काम करायचे त्याच साधनावर परीक्षा आली.

आता फायदे. संगणक केंद्रात बसलेल्या परीक्षार्थीच्या पडद्यावर उजव्या बाजूला प्रश्नक्रमांकांची चौकट असते. सोडवलेला प्रश्न हिरवा, पाहून सोडलेला लाल, पुन्हा बघायचा म्हणून खूण केलेला जांभळा. वर उरलेला वेळ उलटा मोजला जातो. पर्याय चुकीचा वाटला तर तो पुसून दुसरा निवडता येतो. यंत्राने तपासल्या जाणाऱ्या ओएमआर कागदावर बॉलपेनने गोल एकदा काळा केला की ही सोय संपते. परीक्षेनंतर आपण प्रत्यक्षात काय निवडले होते त्याची नोंद आणि उत्तरतालिका दोन्ही पाहायला मिळतात व चुकीच्या उत्तरावर हरकत घेता येते. ज्या पिढीने ‘पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरा आणि वाट पाहा’ एवढेच ऐकले, तिला या पारदर्शकतेची किंमत कळते. निकाल लवकर लागतो, परीक्षा वर्षातून एकाहून अधिक वेळा घेता येते, आणि छापखान्यापासून वर्गापर्यंतचा प्रश्नपत्रिकेचा प्रवास टळतो. हा शेवटचा मुद्दा किती मोलाचा आहे ते ५ मे २०२४ च्या कागदी नीट-यूजीने, म्हणजे वैद्यकीय पदवी प्रवेशाच्या परीक्षेने दाखवले. हजारीबागमध्ये प्रश्नपत्रिकांच्या पेटीशी छेडछाड होऊन पेपर बाहेर गेल्याचे केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासात निघाले. सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०२४ रोजी संपूर्ण परीक्षा रद्द करण्यास नकार दिला, तरी पाटणा आणि हजारीबाग येथे पेपर फुटल्याची बाब निर्विवाद ठरली.

अंध परीक्षार्थींचा विचार केला तर पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, अक्षर मोठे करण्याची सोय आणि नियमानुसार तासामागे किमान वीस मिनिटांचा वाढीव वेळ, हे सारे संगणकावर नीट बसवता येते. लेखनिकाच्या शोधात होणारी फरफट त्यामुळे थांबू शकते, मात्र ती सोय केंद्रावर खरोखर बसवलेली असली तरच.

तोट्यांकडे वळताना पुन्हा संगणकांच्या संख्येकडे यावे लागते. कागदी परीक्षेला बाक लागतात आणि बाक प्रत्येक शाळेत असतात. संगणकाला जागा, वीज, पर्यायी वीज, जोडणी आणि देखरेख लागते. म्हणून परीक्षा पाळ्यांमध्ये विभागली जाते. पाळ्या आल्या की प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या होतात, आणि त्या वेगवेगळ्या झाल्या की गुणांचे सामान्यीकरण, म्हणजे सोप्या-अवघड पाळ्यांतील गुण सूत्राने एका पातळीवर आणणे, अटळ ठरते. २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झालेली तलाठी भरती ही नोकरीची परीक्षा असली तरी यंत्रणा तीच होती. दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि परीक्षा ५७ सत्रांत घ्यावी लागली. २१ ऑगस्टला सकाळी सर्व्हर बंद पडल्याने राज्यभर उमेदवार केंद्राबाहेर ताटकळले. जानेवारी २०२४ मध्ये गुण जाहीर झाले तेव्हा २०० पैकी २१४ गुण मिळालेला उमेदवारही यादीत दिसला. त्यामागचे गणित चुकीचे नव्हते. अवघड पाळीतील उत्तम कामगिरीला दिलेली भर एकूण गुणांपलीकडे गेली होती. पण करमाळ्याहून किंवा अक्कलकोटहून पहाटे निघून आलेल्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना हे सूत्र कोणी समजावून सांगितले नव्हते, आणि ज्या परीक्षेत आपले गुण आपल्याला स्वतः पडताळता येत नाहीत तिच्यावर विश्वास बसणे कठीण असते. माझ्या मते ऑनलाइन परीक्षेची सर्वांत मोठी किंमत हीच आहे. पैशाचा आणि वीजखंडाचा खर्च तिच्यापुढे दुय्यम आहे.

विश्वासाचा दुसरा धागा यंत्रणा कोणाच्या ताब्यात आहे याच्याशी जोडलेला आहे. राज्यात सरकारी भरतीच्या ऑनलाइन परीक्षा घेणाऱ्या महापरीक्षा पोर्टलबद्दल इतक्या तक्रारी झाल्या की २०२० मध्ये ते बंद करण्यात आले. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचे पेपर फुटले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलावी लागली. २०२१ च्याच जेईई मेनमध्ये तर केंद्रातील संगणकाचा ताबा दूरवरून घेऊन प्रश्न सोडवून दिल्याचा गुन्हा केंद्रीय अन्वेषण विभागाने नोंदवला. म्हणजे पाकीट फुटण्याचा धोका गेला, पण दुसऱ्या प्रकारचा आला, आणि तो वर्गातल्या पर्यवेक्षकाला दिसत नाही. ही अस्वस्थता धोरणातही उमटली. २०१८ च्या डिसेंबरपासून संगणकावर होणारी यूजीसी-नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा १८ जून २०२४ रोजी कागदावर घेतली गेली, दुसऱ्याच दिवशी रद्द झाली आणि २१ ऑगस्टपासून पुन्हा संगणकावर झाली. त्या धामधुमीतच सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्धचा केंद्रीय कायदा २१ जून २०२४ पासून लागू झाला.

पेशाच्या परीक्षेत काय तपासायचे, हा प्रश्न या साऱ्याहून खोल आहे. सीएच्या इंटरमीडिएट आणि फायनलमध्ये बहुपर्यायी प्रश्नांना साधारण तीस टक्के गुण आहेत. उरलेली उत्तरे लिहून, हिशेब मांडून, टिपा देऊन सोडवावी लागतात, आणि ती परीक्षा कागदावर टिकली आहे. ताळेबंद जुळवताना उमेदवार कुठे अडखळला आणि पुढे कसा सावरला, हे मांडणीच्या कागदावर परीक्षकाला दिसते व टप्प्याटप्प्याने गुण देता येतात. चार पर्यायांत उत्तर शोधायचे असेल तर ही वाट पुसली जाते. लांब उत्तरे संगणकावर टंकलिखित करायला लावणे शक्य आहे, परंतु मग कळफलकाचा सराव हाही परीक्षेचा भाग होतो, आणि तो सराव घरी संगणक असलेल्याला आधी मिळतो. मधला मार्ग म्हणून उत्तरपत्रिका कागदावर आणि तपासणी पडद्यावर, असा प्रयोग झाला. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये तो पुरेशी तयारी न करता एका दमात राबवला. लाखो उत्तरपत्रिकांचे निकाल रखडले, विधी शाखेच्या विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश अडकले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पद्धत टाकाऊ नव्हती, घाई नडली.

घरून परीक्षा देण्याचा प्रयोग करोनाकाळाने लादला. कंपनी सचिवांच्या संस्थेने २०२० मध्ये आपली प्रवेश चाचणी कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली घरून देण्याची सोय केली. पुण्यामुंबईला न जाता परीक्षा देता येणे ही सोलापूरकरांसाठी मोठी सवलत होती. पण शहराच्या पूर्व भागातल्या ज्या घरांत खालच्या मजल्यावर यंत्रमाग चालतो, वर दोन खोल्यांत सहा माणसे राहतात आणि खोलीला स्वतंत्र दार नाही, तिथे ‘खोलीत दुसरे कोणी नसावे, आवाज नसावा’ ही अट किती जणांना पाळता येईल, हे नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नसते. शिवाय परीक्षेतील प्रामाणिकपणा नुसत्या पाळतीने टिकत नाही. हिशेबतपासनिसांच्या नीतिमत्तेवरील परीक्षेतच कर्मचाऱ्यांनी कॉपी केल्याबद्दल अर्न्स्ट अँड यंगला अमेरिकेच्या रोखे आयोगाने जून २०२२ मध्ये दहा कोटी डॉलरचा दंड केला होता. ब्रिटनमधील लेखापालांच्या एसीसीए संस्थेनेही २०२५ च्या अखेरीस घरून परीक्षेची सर्वसाधारण सोय मार्च २०२६ पासून थांबवण्याचे जाहीर केले.

आज हा वाद कुठे येऊन ठेपला आहे ते २०२५ च्या नीट-पीजीत दिसते. आदल्या वर्षी ही परीक्षा दोन पाळ्यांत झाली होती आणि सामान्यीकरणावरून डॉक्टर न्यायालयात गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०२५ रोजी ती एकाच पाळीत घेण्याचा आदेश दिला. १५ जूनला ठरलेली परीक्षा ३ ऑगस्टला गेली, कारण सुमारे २ लाख ४२ हजार उमेदवारांना एकाच सकाळी बसवता येईल इतकी केंद्रे उभी करायला ही परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाला वेळ हवा होता. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांनाही ही वाट पाहावी लागली. २०२४ च्या नीट वादानंतर केंद्राने नेमलेल्या डॉ. के. राधाकृष्णन समितीने परीक्षा यंत्रणेसाठी सरकारी संस्थांमध्ये स्वतःची केंद्रे उभारण्याचा आणि केंद्रीय व नवोदय विद्यालयांचा उपयोग करण्याचा मार्ग सुचवला आहे. मोहोळ तालुक्यात पोखरापूरला नवोदय आहे, सोलापुरात केंद्रीय विद्यालय आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा आहेत. अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात अशा सार्वजनिक जागांवर चालू स्थितीतील किती संगणक मिळतात, त्यांना किती तासांची पर्यायी वीज आहे आणि बार्शी, पंढरपूर, अकलूज, सांगोला येथे त्यांतील किती ठेवता येतील, याची नोंद जिल्हा पातळीवर करून ती प्रसिद्ध व्हायला हवी. ती हाती आल्याशिवाय कोणती परीक्षा एका पाळीत घेता येईल आणि कोणती कागदावरच ठेवणे न्याय्य ठरेल, हे ठरवता येणार नाही.