आठव्या दिवशी बंद केलेली गोळी

निफाडकडच्या द्राक्षबागेत गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की आठ-दहा दिवसांत डोळे फुटू लागतात, घड उतरायला मात्र चार महिने जातात. आठव्या दिवशी द्राक्षं दिसत नाहीत म्हणून कुणी वेल उपटत नाही. गोळीला मात्र एवढी सवड मिळत नाही. ‘आठवडा झाला, फरक काहीच नाही, उलट मळमळतंय,’ म्हणत एस्सिटालोप्रामची पट्टी कपाटात जाते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मळमळ बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत ओसरते आणि गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात.

नैराश्य आणि सततची चिंता यांवर हे औषध देतात. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि लगेच परत ओढून घेतात. ही परत ओढणारी वाट गोळी अडवते, तीही काही तासांतच. पण वाढलेल्या सेरोटोनिनला मेंदू आधी दाद देत नाही, पेशी आपलं काम आवरतं घेतात. हळूहळू तो लगाम सैल होतो. मन हलकं व्हायला उशीर लागतो, त्यामागचं हे एक महत्त्वाचं कारण.

या औषधाची जन्मकथा मला फार आवडते. डेन्मार्कच्या लुंडबेक कंपनीचं सिटालोप्राम १९८९ मध्ये बाजारात आलं. त्यात एकाच रेणूची दोन रूपं समसमान होती, डाव्या-उजव्या हातासारखी, एकमेकांची आरशातली प्रतिमा. काम मुख्यतः एकच हात करत होता. तो वेगळा काढला, तेच एस्सिटालोप्राम. म्हणून जुन्या २० मिलिग्रॅमच्या जागी साधारण १० पुरतात. अमेरिकेत त्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली, २०१२ मध्ये तिथलं पेटंटही संपलं. भारतात आज ते कितीतरी कंपन्या बनवतात, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे. नाशिकच्या रविवार कारंजावरच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवली की सहज मिळावं, इतकं ते रुळलंय.

या गोळीचं व्यसन लागत नाही. तरीही बरं वाटल्यावर ती एकदम सोडली तर चक्कर येऊ शकते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होऊ शकतं. म्हणून डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात, आणि तेही बरं वाटू लागल्यावर निदान सहा महिने गेल्यानंतर. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींकडे पहिले काही आठवडे घरच्यांनी बारीक लक्ष ठेवावं. या काळात क्वचित आत्महत्येचे विचार वाढतात. तसं काही जाणवलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.