आरक्षणाची मुदत: नगरपरिषदांच्या विकास आराखड्यांची पार्श्वभूमी

नगरपरिषदेचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की गावात काही दिवस दुसरा विषय नसतो. सभागृहाच्या भिंतीवर नकाशा टांगलेला असतो, माणसे त्यापुढे उभी राहून बोटाने आपला गट नंबर शोधत असतात, आणि शेजाऱ्याच्या जमिनीला निवासी वापराचा पिवळा रंग मिळाला असताना आपल्या जमिनीला शेतीचा हिरवा कसा, किंवा त्याहून वाईट म्हणजे आपल्याच सर्व्हे नंबरावर ‘क्रीडांगण’ ही अक्षरे कशी आली, याची विचारपूस टेबलापलीकडच्या कर्मचाऱ्याकडे होत असते. त्याच्याकडून उत्तर मिळते ते एवढेच, की ३० दिवसांत लेखी हरकत द्या. या हरकतींचा मजकूरही ठरलेला असतो: जमीन अल्पभूधारकाची आहे, उपजीविकेचे दुसरे साधन नाही, मोठ्या मालकाची जागा सोडली आणि आमची धरली. शेवटच्या तक्रारीत तथ्य किती, हे गावागणिक वेगळे. पण ‘आधी आरक्षण टाकायचे (म्हणजे सार्वजनिक सोयीसाठी जमीन नकाशावर राखून ठेवायची) आणि पैशांचे नंतर पाहायचे’ ही जी पद्धत या सगळ्याच्या मुळाशी आहे, ती कोणा एका नगराध्यक्षाने किंवा मुख्याधिकाऱ्याने आणलेली नाही. ती टप्प्याटप्प्याने, कायद्यामागून कायदा होत घडली आहे.

जमिनीच्या वापरावरचे पहिले सरकारी नियंत्रण नगररचनेच्या नव्हे, तर महसुलाच्या पोटी जन्मले. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेने शेतजमीन शेतीखेरीज अन्य कामासाठी वापरायची तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आवश्यक केली. ज्या जमिनीवर घर किंवा गिरणी उभी राहते तिच्यावर शेतीपेक्षा अधिक आकारणी बसली पाहिजे, हा त्यामागचा मुख्य हेतू होता. तिथे रस्ता किती रुंद असावा किंवा शाळेला जागा कुठे ठेवावी याच्याशी त्या परवानगीला फारसे देणेघेणे नव्हते. आपण आजही ‘एनए’ (अकृषिक) म्हणतो ती हीच परवानगी, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही ती पुढे चालवली. छोट्या शहरातल्या जमीनमालकाला तहसील आणि नगरपरिषद अशा दोन कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागत, त्याचे कारण हे. मंजूर आराखड्यातील वापराशी जुळणाऱ्या जमिनीला स्वतंत्र अकृषिक परवानगी लागू नये अशी स्पष्ट तरतूद संहितेत येण्यासाठी २०१० नंतरचे दशक उजाडावे लागले.

नगररचनेचा स्वतंत्र विचार १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने सुरू झाला. देशातला या प्रकारचा तो पहिला कायदा. त्याचा भर संपूर्ण शहराच्या नकाशावर नव्हता, तर एखाद्या वाढत्या भागापुरत्या ‘नगररचना योजने’वर होता. या योजनेची रीत थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण पुढे जे हरवले ते इथेच होते. त्या भागातल्या सर्व मालकांच्या जमिनी कागदोपत्री एकत्र धरायच्या. त्यांतून रस्ते, मोकळ्या जागा आणि सार्वजनिक सोयींसाठी लागणारा भाग काढायचा. उरलेल्या जमिनीचे नीट आकाराचे, रस्त्याला लागलेले अंतिम भूखंड पाडून ते त्याच मालकांना प्रमाणात परत द्यायचे. मालकाची जमीन कमी होते, पण तिचे मोल वाढते. त्या वाढीतला काही हिस्सा सुधारणा आकार म्हणून वसूल करायचा आणि त्यातून रस्ते, गटारे करायची. वाद मिटवायला लवाद. पुण्यालगतच्या भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरला, अशाच योजनेने आकार आला. सार्वजनिक जागेचा भार कोणा एकाच्या सर्व्हे नंबरावर न पडता तो सगळ्यांत वाटला जाई, हा या रीतीचा खरा गुण. दोष म्हणजे ती कमालीची सावकाश चाले. लवादापुढची प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळत.

स्वातंत्र्यानंतर शहरे फुगू लागली तेव्हा तुकड्यातुकड्याने योजना करणे अपुरे पडत होते, आणि १९५४ च्या मुंबई नगररचना कायद्याने स्थानिक संस्थांना आपल्या संपूर्ण हद्दीचा विकास आराखडा करणे बंधनकारक केले. १ एप्रिल १९५७ पासून तो अमलात आला. विचार योग्यच होता. मात्र त्याबरोबर जमीन मिळवण्याची पद्धतही बदलली. एकत्रीकरण मागे पडले आणि त्याची जागा आरक्षणाने घेतली: नकाशावर बाग, बाजार, शाळा, दवाखाना यांच्या जागा दाखवायच्या आणि त्या पुढे यथावकाश खरेदीने किंवा भूसंपादनाने ताब्यात घ्यायच्या. हे ‘यथावकाश’ किती लांबेल याची शंका कायदा करणाऱ्यांनाही असावी. दहा वर्षांत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची कार्यवाही सुरू झाली नाही, तर मालकाने नोटीस द्यावी आणि त्यानंतर सहा महिन्यांतही काही हालचाल न झाल्यास आरक्षण संपावे, ही तरतूद १९५४ च्याच कायद्यात आहे. पुढे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आला, ११ जानेवारी १९६७ पासून लागू झाला, आणि हीच तरतूद त्यात कलम १२७ म्हणून बसली. नगररचना योजनेचे प्रकरण त्या अधिनियमात कायम ठेवले गेले, पण नगरपरिषदांच्या व्यवहारात ते जवळजवळ मिटल्यासारखेच झाले. गुजरातने मात्र १९७६ च्या आपल्या कायद्यात योजनेची जुनी रीत मध्यवर्ती ठेवली. एकाच मुळातून निघालेल्या दोन राज्यांच्या वाटा इथे वेगळ्या झाल्या, आणि माझ्या मते महाराष्ट्रातल्या छोट्या शहरांच्या बऱ्याच दुखण्यांचे मूळ त्या फाट्यापाशी आहे.

आराखडा करतो कोण, याचे उत्तरही कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरे आहे. अधिनियमाप्रमाणे नियोजन प्राधिकरण म्हणजे नगरपरिषदच. ती आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते, विद्यमान भूवापराचे सर्वेक्षण होते, प्रारूप प्रसिद्ध होते, आणि हरकतींची सुनावणी नियोजन समितीपुढे होते, जिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. पण एक लाखाच्या आतल्या ‘ब’ आणि ‘क’ वर्गाच्या नगरपरिषदांकडे एवढे काम पेलणारी नगररचना शाखा सहसा नसते. सर्वेक्षण आणि नकाशा राज्याच्या नगररचना विभागाच्या अधिकाऱ्यांकडून होतो, आणि नगरपरिषदेने मुदत चुकवली तर आराखडा पुरा करण्याचे कामही त्यांच्याकडेच जाते. अंतिम मंजुरी राज्य शासनाची. शासनाला फार मोठे फेरफार करावेसे वाटले तर तेवढा भाग वगळून उर्वरित आराखडा मंजूर होतो, वगळलेल्या भागावर पुन्हा सूचना-हरकती मागवल्या जातात, आणि त्या भागातल्या मालकाला आपली जमीन कोणत्या रंगात आहे हे काही काळ कोणीच ठामपणे सांगू शकत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगररचना हा विषय बाराव्या अनुसूचीत पहिल्या क्रमांकावर घातला, ती दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. शेवटची सही तरीही राज्य शासनाकडेच राहिली. एखाद्या भूखंडाचा वापर मधल्या काळात बदलायचा असेल तर कलम ३७ खाली नगरपरिषदेने ठराव करायचा, पण तोही प्रस्तावच. निर्णय शासनाकडून येतो.

आता पैशांचे पाहू. नगरपरिषदांचे हक्काचे, रोजचे आणि वाढते उत्पन्न जकातीचे होते. नगरपरिषद क्षेत्रातली जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी शासनाचे अनुदान आले, जे पगार आणि वीजबिले भागवण्यातच बहुतांश संपते. आता समजा, एका गावात एक हेक्टरचे क्रीडांगण आरक्षित आहे आणि तिथे गुंठ्याचा बाजारभाव पाच लाख रुपये आहे. हेक्टरचे साधारण ९९ गुंठे होतात, म्हणजे जमिनीची किंमत पाच कोटींच्या घरात गेली. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्याप्रमाणे तेवढेच सांत्वन मूल्य (सक्तीने जमीन घेतल्याबद्दलची जादा भरपाई) वर द्यायचे, म्हणजे दहा कोटी. असे एक नव्हे, आराखड्यात बारीकसारीक धरून कितीतरी आरक्षणे असतात, रुंद करायचे रस्ते वेगळेच. हा हिशेब आराखडा मंजूर करताना कोणालाच येत नव्हता असे नाही. पण आरक्षण न दाखवावे तर लोकसंख्येच्या प्रमाणात सोयी नाहीत म्हणून आराखडा सदोष ठरतो; दाखवावे तर ते पुरे होत नाही. दाखवणे सोपे, म्हणून दाखवले जाते.

याचा परिणाम कलम १२७ च्या नोटिसांमध्ये दिसतो. मुदत संपली की मालक नोटीस देतो, नगरपरिषद घाईघाईने सर्वसाधारण सभेत संपादनाचा ठराव करते, प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवते आणि ‘कार्यवाही सुरू केली’ असे कळवते. एवढ्याने भागते का, हा वाद दीर्घकाळ न्यायालयांत होता. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात ते पुरेसे नाही असे म्हटले आणि २०१३ मध्ये श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात तेच पक्के केले: नुसता ठराव आणि नुसता प्रस्ताव म्हणजे संपादनाची कार्यवाही नव्हे, त्यासाठी भूसंपादन कायद्याखालची रीतसर घोषणा मुदतीत प्रसिद्ध व्हायला हवी. दरम्यान विधिमंडळाने नोटिशीनंतरची सहा महिन्यांची मुदत २००९ मध्ये बारा आणि २०१५ मध्ये चोवीस महिन्यांवर नेली. मुदत चौपट झाली, तिजोरी होती तेवढीच राहिली. आरक्षण व्यपगत झाले, म्हणजे संपले, की ती जमीन लगतच्या जमिनीसारखी वापरता येते. लगत पिवळा पट्टा असेल तर तिचे प्लॉट पडतात. दहा-बारा वर्षे ज्या मोकळ्या जागेत पोरे क्रिकेट खेळली, तिथे एका सकाळी सिमेंटचे खांब आणि काटेरी तार दिसते, आणि गावाला तेव्हा कळते की हे क्रीडांगण फक्त नकाशावरच गावाचे होते.

आराखड्याच्या बाहेर याच काळात दुसरे शहर वाढत होते. हिरव्या पट्ट्यात रेखांकन (प्लॉटची आखणी) मंजूर होत नाही, पिवळ्या पट्ट्यातला मंजूर प्लॉट नोकरदारालाही झेपत नाही, तिथे हातावर पोट असणाऱ्याची काय कथा. तो शेतकऱ्याकडून एक-दोन गुंठे घेतो. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एवढ्या तुकड्याचे खरेदीखत आणि सातबाऱ्यावर नाव या दोन्हींत अडचण येत असे, म्हणून शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीपुढे व्यवहार. रस्ता दहा फुटांचा, मोकळी जागा शून्य. सांगली आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) या शहरांत गुंठेवारीचा हा प्रकार एवढा पसरला की शासनाने २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा केला. १ जानेवारी २००१ ही त्याची सीमारेषा होती, म्हणजे त्यापूर्वीची गुंठेवारीच नियमित होऊ शके. २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० वर आणली. वीस वर्षे पुढे सरकलेली सीमारेषा पाहून आणखी एकदा ती सरकेल असे लोकांनी गृहीत धरले, तर त्यांना दोष देता येत नाही.

पैशांशिवाय जमीन मिळवण्याचा मोठ्या शहरांनी शोधलेला उपाय म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, अर्थात टीडीआर: जमिनीच्या मोबदल्यात पैशांऐवजी वाढीव बांधकामाचा, विकता येणारा हक्क. तो मुंबईत १९९१ पासून चालला, कारण तिथे वाढीव बांधकामाला गिऱ्हाईक आहे. जिथे मंजूर चटईक्षेत्रच (भूखंडावर जेवढे बांधकाम करता येते तेवढे) पुरते वापरले जात नाही, दोन मजल्यांवर तिसरा चढवायला कोणी तयार नाही, अशा गावात टीडीआरचे प्रमाणपत्र मालकाच्या कपाटात पडून राहते. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने मुंबई आणि लोणावळ्यासारखे काही अपवाद वगळता जवळपास सगळ्या राज्याला एकच नियम लावले. गावागणिक वेगळ्या नियमांचा गोंधळ त्याने कमी केला हे खरे. आरक्षणाची जमीन विकत कशी घ्यायची, या प्रश्नाला मात्र त्यात छोट्या गावांपुरते नवे उत्तर नाही. जुनी नगररचना योजना अलीकडे पुन्हा बाहेर काढली गेली आहे, पण ती पुण्याजवळच्या म्हाळुंगे-माण भागात आणि पनवेलच्या बाजूला नवी मुंबई विमानतळाच्या परिसरातल्या नैना क्षेत्रात, म्हणजे जिथे जमिनीचे भाव चढते आहेत आणि मागे मोठे प्राधिकरण उभे आहे तिथे.

अनेक नगरपरिषदांत सध्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या सुधारित आराखड्याची तयारी चालू आहे, कारण अधिनियमाप्रमाणे वीस वर्षांतून एकदा तरी आराखडा सुधारावा लागतो. जुने न घेतलेले आरक्षण नव्या नकाशावर तसेच उतरवता येते. ज्या मालकाने सुधारित आराखड्यापूर्वी कलम १२७ ची नोटीस दिली नसेल, त्याची दहा वर्षे नव्या आराखड्यापासून पुन्हा मोजली जातात, असे सर्वोच्च न्यायालयाने पुण्यातल्या एका प्रकरणात ठरवले आहे. त्यामुळे सुधारित आराखड्याचा इरादा जाहीर झाल्याची बातमी आली की तालुक्याच्या वकिलाकडे मालक पहिली चौकशी करतो ती जुना आराखडा नेमक्या कोणत्या तारखेला अमलात आला याची, आणि मग भागनकाशा, झोन दाखला आणि सातबारा जोडून नोटिशीचा मसुदा तयार होतो.