दुर्बीण किती वाकते, हे लेझर आत घालून विचारा

निपाणी, खानापूर, चिकोडीकडून मुतखड्याचे पेशंट बेळगावात येतात, तोवर बहुतेकांचं हुलग्याचं माडगं आणि पानफुटीची पानं करून झालेली असतात. पाच मिलिमीटरच्या आतला खडा पुष्कळदा नुसत्या पाण्यावरही पडून जातो आणि श्रेय माडग्याला मिळतं. मिळू दे. पण रिपोर्टवर ‘लोअर कॅलिक्स, 11 मि.मी.’ असं, म्हणजे खडा किडनीच्या खालच्या कप्प्यात आहे असं, आलं की डॉक्टर दुर्बिणीचं नाव काढतात आणि घरचे विचारतात, ‘दुर्बीण चांगल्या कंपनीची हाय न्हवं?’

प्रश्न रास्त आहे, पण कंपनीच्या नावानं तो सुटत नाही.

ही दुर्बीण म्हणजे फ्लेक्सिबल युरेटेरोस्कोप. लघवीच्या वाटेनं मूत्राशयात आणि तिथून मूत्रवाहिनीतून थेट किडनीत जाणारी, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची लवचिक नळी. डिजिटल दुर्बिणीच्या टोकालाच कॅमेऱ्याची चिप असते. जुन्या प्रकारात चित्र काचेच्या हजारो तंतूंतून येतं. एकेक तंतू तुटत गेला की पडद्यावर काळे ठिपके वाढत जातात. दोन्हींत आरपार एक पोकळ वाट असते, साधारण 1.2 मि.मी.ची. खडा फोडणाऱ्या लेझरचा तंतू असो की खडा पकडायची जाळी, जायचं याच वाटेनं. वर सलाइनही तिथूनच.

सगळं घोडं इथंच अडतं. माहितीपत्रकात ‘टोक 270 अंश वाकतं’ असं छापलेलं असतं, ते बहुधा वाट रिकामी असतानाचं. लेझरचा तंतू ताठ असतो. तो आत गेला की वाक कमी होतो आणि तंतू जाड असेल तर आणखीच कमी. किडनीच्या खालच्या कप्प्यात शिरायला तर दुर्बिणीला जवळजवळ उलटं फिरावं लागतं. तिथं थोडे अंश कमी पडले की खडा समोर दिसतो, पण लेझर त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून प्रयोगशाळेत तुलना करताना कोन रिकाम्या दुर्बिणीचा मोजतात, मग 200 मायक्रॉनचा तंतू घालून, मग जाळी घालून. माझ्या मते पहिला आकडा जाहिरातीचा, कामाचे पुढचे दोन.

पाण्याचीही तीच गत. सलाइनची पिशवी ठरावीक उंचीवर टांगून मिनिटाला किती मिलिलिटर बाहेर येतं ते बघतात. नळीची त्रिज्या निम्मी केली तर त्याच दाबाला प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. उसाला पाणी सोडायच्या पाइपात दांडकं खुपसलं तर काय होईल, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. पाणी कमी पडलं की खड्याचा भुगा समोरच तरंगत राहतो आणि काही दिसेनासं होतं. बरं, दाब वाढवावा, तर तेच पाणी जंतूंसकट रक्तात शिरण्याची भीती. ऑपरेशननंतर थंडी वाजून ताप येतो, त्यामागं पुष्कळदा हे कारण असतं.

मोडतोडीचं मोठं कारण हाताळणी. दुर्बीण वाकलेली असताना तंतू रेटला तर त्याचं टोक दुर्बिणीच्या वाटेचं आतलं अस्तर भोसकतं. म्हणून आधी टोक सरळ करायचं, तंतू घालायचा, तो पडद्यावर दिसला की मगच वाकवायचं. जमेल तिथं खालचा खडा जाळीत धरून वरच्या कप्प्यात नेतात आणि तिथं फोडतात. दुर्बिणीवरचा ताण वाचतो.

2016 च्या सुमारास लिथोव्ह्यूसारख्या एकदाच वापरायच्या डिजिटल दुर्बिणी आल्या. वजनाला हलक्या, आणि वाक दर वेळी नव्याचा. पुन्हा वापरायच्या दुर्बिणीची किंमत लाखांत. शिवाय प्रत्येक केसनंतर गळती तपासणं, वाट ब्रशनं घासणं, निर्जंतुक करणं. रोजच्या केसेस असलेल्या मोठ्या हॉस्पिटलला ती परवडू शकते. महिन्याला मोजक्या केसेस करणाऱ्याला एकदाचीच बरी. मला खरी काळजी वाटते ती ‘एकदाच वापरा’ असं छापलेली दुर्बीण धुऊन दुसऱ्यांदा वापरण्याची, कारण दुसऱ्या वापराची हमी तिच्या निर्मात्यानंच दिलेली नसते. बिलात ‘डिस्पोजेबल स्कोप’ लावणार असतील, तर सीलबंद पाकीट आधी दाखवा म्हणायला संकोच नको.