उभा आहे, म्हणून चालू द्यायचं?

जळगाव, भुसावळकडच्या बॉक्सिंग स्पर्धांत रिंगभोवती एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘अजून उभा शे ना!’ म्हणजे पोरगा पडत नाही तोवर लढत थांबवायची नाही, आणि रिंगमध्ये टॉवेल टाकून लढत थांबवणारा कोच भित्रा.

हा समज चुकीचा आहे. मेंदूला मार बसलेले बहुतेक जण बेशुद्ध पडतच नाहीत. उभं राहणं हा पुरावा नव्हे. कोचने पाय आणि डोळे बघावेत. ठोसा येताना दिसतोय, तरी हात वर जात नाहीत. पाय एकमेकांत अडकतात. घंटेनंतर पोरगा दुसऱ्याच्याच कोपऱ्याकडे निघतो. स्टुलावर बसवून ‘कितवा राउंड?’ विचारलं, की उत्तर उशिरा येतं. यातलं एक जरी दिसलं तरी टॉवेल टाकावा. पोराला विचारत बसू नये, तो ‘लढतो’ असंच म्हणणार!

१९७५ मध्ये मनिलात मुहम्मद अलीविरुद्ध बॉक्सर जो फ्रेझियर चौदा राउंड उभाच होता. पण डोळे सुजून ठोसे दिसेनात, म्हणून त्याचे कोच एडी फच यांनी पंधराव्याला त्याला उठूच दिलं नाही. फ्रेझियर विरोध करत होता. फच यांना भित्रा कोण म्हणेल?

१९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा बॉक्सर किम डुक-कू चौदाव्या राउंडमध्ये कोसळला आणि काही दिवसांत गेला. तोही तोवर लढतच होता.

लढत थांबवल्यावरही पोराला एकटं एसटीत बसवून धुळ्याला पाठवू नका. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी दिसली तर थेट दवाखाना.