भूआच्छादक वनस्पती (सोलापूर)

जमिनीलगत पसरून माती झाकणाऱ्या बुटक्या वनस्पती. रोपवाटिकेत त्यांना सरसकट ‘ग्राउंड कव्हर’ म्हणतात. सोलापुरात त्यांची निवड माती आणि पाण्याची पाळी पाहून करावी. पानांचा रंग नंतर. जिल्हा पर्जन्यछायेतला, एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांवर, आणि शहरात नळाला रोज पाणी नाही. त्यात काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते व उन्हाळ्यात भेगाळून कोवळी मुळे तोडते. त्यामुळे येथे रोपे कुजूनही मरतात आणि वाळूनही. हिरवळीचा (लॉनचा) हट्ट म्हणूनच महागात पडतो.

भर उन्हाच्या जागी जांभळ्या पानांची सेटक्रेशिया सर्वांत भरवशाची. दोन-तीन पेरांचा, बोटभर लांबीचा तुकडा खोचला तरी लागतो. सावलीत मात्र तिचा जांभळा रंग हिरवट पडतो. ऑफिस टाइम (चिनी गुलाब) कमी पाण्यात फुलते, पण पाणी साचले की बुडातून सडते; तिला उंचवटा किंवा मुरमाड जागाच हवी. जलपिंपळी ही आपल्याकडे ओलसर जागी आपोआप उगवणारी वनस्पती. ती पेरापेराला मुळे सोडते, थोडेफार पायाखाली तुडवलेले सोसते आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्यालाही दबत नाही. फुलांवर मधमाश्या येतात, तेव्हा अनवाणी पोरे खेळणार असतील तेथे ती लावू नये. भिंतीच्या सावलीत वरून हिरव्या, खालून जांभळ्या पानांचा रोहिओ चालतो; त्याचा चीक अंगाला लागल्यास खाज सुटते. पिवळ्या फुलांची वेडेलिया झटपट पसरते, म्हणून खपते; पण ती जगभर उपद्रवी ठरलेली परदेशी वनस्पती आहे. छोट्या वाफ्यात तिला थारा न देणेच बरे.

वाफा आधी भिजवून दोन-तीन आठवडे मोकळा ठेवावा. या काळात उगवलेला लव्हाळा खुरप्याने गाठींसह काढावा. नुसता वरून उपटल्यास गाठी खाली राहतात आणि तो नव्या रोपांतून डोके काढतो. लागवड फसण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण. मग वीतभर खोल खणून 10 × 10 फुटांच्या वाफ्यात दोन इंच थराइतके, म्हणजे सोळा-सतरा घनफूट, कुजलेले शेणखत मिसळावे. मूठभर बारीक वाळू टाकून भारी माती हलकी होत नाही. त्यापेक्षा वाफा भोवतालच्या जमिनीपासून चार-सहा इंच उंच करावा व कडेला उभ्या विटा लावाव्यात. पसरणारी रोपेही त्यामुळे आवरतात.

एक फूट अंतराने एवढ्या वाफ्यात सुमारे 100 रोपे बसतात, नऊ इंचांवर 175 च्या आसपास. सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस सहसा सर्वांत जास्त असतो, म्हणून ऑगस्टअखेरची लागवड जूनपेक्षा सोपी जाते. गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या) यात्रेच्या थंडीत लावलेले तुकडे जगतात, पण पसरत नाहीत.

पहिले दोन महिने दर चार-पाच दिवसांनी चौरस मीटरला साधारण 10 लिटर पाणी द्यावे. रोपांमधल्या जागेत उसाच्या पाचटाचा दोन इंच थर अंथरला की बाष्पीभवन घटते. जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही. कोरड्या पाचटाला वाळवी लागते, त्यामुळे ते देठांना टेकवू नये. जमीन झाकली गेली की निंदणी जवळपास संपते. उन्हाळ्यापूर्वी सेटक्रेशियाचे लोंबणारे शेंडे निम्मे छाटावेत आणि तेच तुकडे उघड्या पडलेल्या जागी खोचावेत.