तांबट आळी (पुणे)

पुण्याच्या कसबा पेठेतील तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या कारागिरांची जुनी आळी. कसबा ही शहरातील सर्वांत जुनी वस्ती. शनिवारवाडा (1730–32) बांधून पेशव्यांचा मुक्काम पुण्यात पक्का झाला आणि आसपासच्या पेठा वाढू लागल्या, तशी कारागिरांना मागणी आली. त्या काळात कोकणातून आलेली त्वष्टा कासार, म्हणजे तांबट, कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांनी दरबारासाठी तोफा आणि नाणीही घडवली, असे परंपरा सांगते. आळीला टिकवले मात्र हंडे, घागरी, पातेली, ताम्हन-पळी आणि बंब यांनी.

घरांची रचना धंद्याला धरून होती. रस्त्याकडेला भट्टी आणि ठोकायची जागा, मागे किंवा माडीवर बिऱ्हाड. भिंतीला भिंत लागून असल्याने एका घरचा ठोका पलीकडच्या तीन घरांत ऐकू जाई. धंदा सगळ्यांचा एकच असल्याने त्याबद्दल तक्रार कोण करणार?

तांबे ठोकले की कडक होते आणि तसेच ठोकत राहिले तर चिरते. म्हणून ते मधूनमधून लाल होईपर्यंत तापवून मऊ करावे लागते. पत्र्याच्या दोन कडा जोडताना एका कडेला दाते कापून ते दुसरीत अडकवतात आणि टाकणखार (बोरॅक्स) लावून पितळेच्या झाळणाने, म्हणजे वितळवून ओतलेल्या जोडधातूने, सांधतात. जुन्या घागरीच्या अंगावर दिसणारी पिवळी, करवतीसारखी रेघ म्हणजे हाच सांधा. एकसंध दाबून काढलेल्या कारखानी भांड्याला ती नसते. शेवटी येते मठारकाम. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाला एक लागून ठोके देत भांडे फिरवतात. त्याने पत्रा ताठ होतो आणि अंगावर प्रकाश खेळवणाऱ्या खळग्यांच्या ओळी उठतात. हल्ली गिऱ्हाईक या खळग्यांना नक्षी समजते, पण त्यांचे पहिले काम भांड्याला बळकटी देण्याचे आहे. आंबट पदार्थ तांब्या-पितळेत कळकतात, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यांना आतून कथलाची कल्हई लागे आणि कल्हईवाल्याचेही पोट या धंद्यावर चाले.

1818 मध्ये पेशवाई गेली, तरी आळी बसली नाही, कारण दरबार गेला तरी घराघरातली चूल कायम होती. एकोणिसाव्या शतकात विलायती तयार पत्रा मिळू लागल्यावर गोळा ठोकून पत्रा काढण्याचे कष्टही वाचले. खरा तडाखा विसाव्या शतकात बसला. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलने स्वयंपाकघर घेतले, गीझरने न्हाणीघरातला बंब घालवला. पाणी नळाने घरात आल्यावर घागरींची उतरंड अडगळीत गेली आणि पुढे मोडीत निघाली. पुढच्या पिढीतल्या अनेकांनी नोकरी धरली.

अलीकडे इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या पुणे केंद्राने कारागिरांसोबत नव्या घाटाच्या वस्तू घडवून घेतल्या आणि मठारकामाला शोभेच्या वस्तूंचा बाजार मिळाला. तांब्याच्या भांड्यातले पाणी पिण्याची हौस वाढल्याने तांब्या-पेल्यालाही पुन्हा मागणी आहे. मात्र त्यातला बराच माल यंत्रावर निघतो, तेव्हा या हौशीचा फायदा आळीला मिळतोच असे नाही. पूजेची उपकरणे, कळस आणि लग्नातल्या आहेराची भांडी ही जुनी गिऱ्हाइकी अजून अधिक भरवशाची.