कोंबडीपालनाच्या पद्धती आणि अंडी

अंडी देणाऱ्या कोंबड्या कशा जागेत ठेवतात, त्यावरून बाजारातल्या अंड्यांचे ढोबळ प्रकार पडतात : पिंजऱ्यातली, गादी पद्धतीची, मुक्तसंचार आणि सेंद्रिय. हे शब्द कोंबडी कशी जगली ते सांगतात. अंड्याच्या आत काय आहे, हे मात्र त्यांवरून फारच थोडे कळते.

पिंजरा पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापासून फैलावली. पिंजऱ्याची तळाची जाळी पुढे उतरती असते. अंडे पडताच घरंगळत बाहेरच्या पन्हळीत येते आणि विष्ठा जाळीतून खाली गळते. म्हणून ही अंडी स्वच्छ निघतात, शिवाय खाद्य आणि मजुरी दोन्ही वाचतात. त्याचा भुर्दंड कोंबडीला बसतो. युरोपीय संघाच्या जुन्या नियमानुसार एका कोंबडीच्या वाट्याला किमान ५५० चौ. सेंमी. जागा येई, म्हणजे ए-४ कागदाहूनही कमी. एवढ्यात पंख पसरता येत नाहीत, मातीत लोळणे तर दूरच. अंडे घालायची वेळ आली की कोंबडी आडोसा शोधते. तो नसला की जागच्या जागी घुटमळत राहते. हालचालीअभावी हाडेही ठिसूळ होतात. स्वित्झर्लंडमध्ये १९९२ पासून आणि युरोपीय संघात २०१२ पासून असे पिंजरे बंद झाले. संघात आता चालतो तो सुधारित पिंजरा : कोंबडीमागे ७५० चौ. सेंमी. जागा, अंडे घालायला आडोसा, बसायला दांडी. सुधारला तरी पिंजराच.

गादी पद्धतीत शेडच्या जमिनीवर तूस किंवा भुसा अंथरतात आणि कोंबड्या मोकळ्या फिरतात. काही शेडमध्ये दांड्यांचे मजले असतात. ‘पिंजरामुक्त’ अंडी बहुधा इथलीच. त्या कोंबडीने ऊन पाहिलेलेच असेल असे नाही. युरोपीय संघात चौरस मीटरला जास्तीत जास्त ९ कोंबड्या चालतात. इथले दुखणे वेगळे. एकीने दुसरीची पिसे उपटायला सुरुवात केली की ती खोड कळपभर पसरते. म्हणून अनेक ठिकाणी चोचीचे टोक आधीच कापतात. दांडीवरून उडी चुकली की छातीचे हाड मोडते. घरट्याऐवजी गादीतच घातलेली अंडी मळतात.

मुक्तसंचारात दिवसा कुरणाची दारे उघडी असतात. युरोपीय संघात कोंबडीमागे ४ चौ. मी. बाहेरची जागा लागते. पण दार उघडे म्हणजे कोंबडी बाहेर, असे नव्हे. मोठ्या कळपातल्या कित्येक उंबरठाही ओलांडत नाहीत. कोंबडीचे पूर्वज जंगलातले, त्यामुळे उघड्या माळाची तिला धास्ती वाटते. झाडेझुडपे लावली की ती अधिक बाहेर येते. खोक्यावरच्या चित्रातले मोकळे हिरवे कुरण गिऱ्हाइकासाठी असते. उन्हात फिरणाऱ्या कोंबडीच्या बलकात ड जीवनसत्त्व जास्त आढळते. राहण्याच्या पद्धतीचा अंड्यावर उमटणारा हा सर्वांत ठळक ठसा. उलट, जमीन दूषित असेल तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्येही माती टिपता टिपता अंड्यात उतरतात. सेंद्रिय पद्धतीत मुक्तसंचाराच्या जोडीला खाद्यही सेंद्रिय असावे लागते.

बाकी बहुतेक गुण येतात खाद्य, जात, वय आणि साठवण यांतून. गडद केशरी बलक म्हणजे मोकळी कोंबडी, हा समज पक्का रुजला आहे. पण खाद्यात मका किंवा झेंडूचा अर्क असला की पिंजऱ्यातल्या कोंबडीचा बलकही तितकाच रंगतो. कवच तपकिरी की पांढरे, हे जात ठरवते. ओमेगा-३ हे स्निग्धाम्ल वाढते ते खाद्यातल्या जवसाने. कोंबडी म्हातारी होऊ लागली की अंडे मोठे आणि कवच पातळ होते. फोडलेल्या अंड्यातले पांढरे घट्ट उभे राहते की पाण्यासारखे पसरते, हे मुख्यतः अंडे किती दिवस आणि किती उष्णतेत राहिले त्यावर असते. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूचा धोकाही एकट्या पद्धतीवरून ठरत नाही. लसीकरण आणि उंदरांचा बंदोबस्त यांवरही तो अवलंबून असतो.

युरोपीय संघात २००४ पासून दुकानातल्या अंड्यांवर पद्धतीचा शिक्का असतो. त्यातला पहिला आकडा पाहायचा : ० सेंद्रिय, १ मुक्तसंचार, २ गादी, ३ पिंजरा. बिस्किटे किंवा मेयोनेझमध्ये गेलेल्या अंड्याची पद्धत छापण्याची मात्र तिथे सक्ती नाही.